‘खडीची धूळ’ या माझ्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही लिहिलंत : “डॉक्टर नसताना फुप्फुसांच्या फोटोवर लिहू नये. एचआरसीटीच्या जमान्यात साधा एक्स-रे कोण बघतो? एक स्कॅन केला की सिलिकोसिस कळतो. लोकांना उगाच घाबरवू नका.”

सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीतल्या सिलिकामुळे होणारा फुप्फुसांचा आजार, हा त्या लेखाचा विषय. एक गोष्ट मान्य. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, मी एका ओळीत उरकलं. साध्या फोटोत न दिसणाऱ्या बारीक गाठी त्यात दिसतात, हे नीट यायला हवं होतं.

पण “डॉक्टर नसताना”? ही काय बोलायची पद्धत झाली? मी कुणाला औषध सांगितलेलं नाही. माझे वडील चांदिवलीच्या खाणीत १७ वर्षं क्रशरवर होते. खोकला धरला, फोटो काढला, वरच्या भागात डाग दिसले आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी. दम वाढतच गेला. केसपेपरवर धंदा म्हणून नुसतं ‘मजुरी’ लिहिलेलं. कसली मजुरी, हे कुणी विचारलं नाही. फोटोचं ते मोठं पाकीट बेस्टच्या गर्दीत दुमडू नये म्हणून छातीशी धरून मी दवाखान्यामागून दवाखाने फिरलोय. शेवटी एका डॉक्टरांनी तोच जुना फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिला प्रश्न केला, “बाबा, काम काय करायचात?” नवीन तपासणी एकही नाही. तुम्ही असं पाकीट कधी वाहिलंय? नसेल, तर मला लायकी विचारू नका.

स्कॅनमध्ये गाठी दिसतात, पण त्या सिलिकाच्या धुळीच्याच आहेत असं त्यावर छापून येत नाही. सार्कॉइडोसिस नावाच्या वेगळ्याच आजारात, टीबीच्या एका प्रकारातही तशाच बारीक गाठी दिसू शकतात. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका जास्त, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतात. कामाची चौकशी केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. आणि “साधा एक्स-रे कोण बघतो” म्हणता, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं वर्गीकरण साध्या फोटोवरच उभं आहे. ठरलेले नमुना-फोटो शेजारी ठेवून डागांची दाटी ०/- (सर्वांत कमी) ते ३/+ (सर्वांत जास्त) अशा १२ पायऱ्यांत मोजतात. एकाच कामगाराचे दर काही वर्षांचे फोटो त्यामुळे ताडून बघता येतात.

घाबरवण्याच्या आरोपावर मी बोलणार नाही.

एचआरसीटीचा परिच्छेद आज रात्री वाढवतो. लेखातलं बाकी काही बदलणार नाही.