दिव्यातून सुटणारी लोकल पाहिजेच

स्पष्टच लिहिते. ठाणे-डोंबिवलीच्या मधल्या दिवा स्टेशनातून सुटणारी सीएसएमटी लोकल हवी, सकाळच्या गर्दीत निदान तीन-चार तरी, आणि 'बघू', 'विचाराधीन आहे' ही उत्तरं ऐकून घ्यायची वेळ आता गेली.

मागच्या आठवड्यात एकाने कमेंट केली की दिवा म्हणजे काल-परवा उगवलेलं स्टेशन, त्याला एवढे लाड कशाला. अहो, 16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि वर्षभराने, मे 1854 मध्ये, तीच लाईन खाडी ओलांडून, पारसिकच्या डोंगरातून कल्याणपर्यंत गेली, ती आमच्या गावाच्या शिवारातूनच गेली ना. मग 1916 ला पारसिकचा सव्वा किलोमीटरहून मोठा बोगदा झाला. साठच्या दशकात दिवा-पनवेल लाईन टाकली, ऐंशीच्या दशकात दिवा-वसई, तिकडे पनवेलची लाईन पुढे रोह्याला नेली आणि रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू झाली. म्हणजे कोकणात जाणारी गाडी दिव्यावरून, जेएनपीटी बंदराचे कंटेनर घेऊन गुजरातकडे जाणारी मालगाडी दिव्यावरून, वसईहून पनवेलला जाणारी मेमूपण दिव्यावरूनच. सगळ्यांना वाट करून देणारं हे जंक्शन आणि इथल्याच माणसाला सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नाही, हे मला पटत नाही.

इथे राहतं कोण तेही बघा. परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून बाहेर पडलेली, डोंबिवलीतही घर परवडलं नाही अशी माणसं, त्यातली बरीचशी कोकणातली. खाजगी ऑफिसात, दुकानात, हॉस्पिटलात कामाला जाणारी. वर्क फ्रॉम होम वगैरे यांच्या नशिबी नाही, लेटमार्क लागला की पगार कापला जातो.

सकाळी साडेसात-आठला लेडीज डब्यासमोर उभं राहून बघा एकदा. गाडी बदलापूर-कल्याणहून भरून आलेली असते, डोंबिवलीला अजून ठासून भरते, दिव्याला येते तेव्हा दारातल्या बायका दोन्ही हातांनी दांडा धरून अशा उभ्या असतात की मधून ओढणीसुद्धा जाणार नाही. खालून ढकलणं, वरून ओरडणं, 'पुढची पकड ना', 'रोज तेच सांगता तुम्ही', तेवढ्यात गाडी हलते आणि ज्यांचा एक पाय वर आहे त्या तशाच लटकत मुंब्र्यापर्यंत. मी दारातल्या बायकांना दोष देणार नाही, त्या बिचाऱ्या बदलापूरपासून उभ्या असतात, त्यांनी तरी आत सरकायचं कुठे. म्हणून तर कित्येक जण आधी उलटं डोंबिवली-कल्याणला जातात आणि रिटर्न येतात, म्हणजे दिव्याची गर्दी परत कल्याणच्याच गाडीत बसते, यात कल्याणवाल्यांचा तरी काय फायदा झाला?

जे काही मिळालं ते भांडूनच मिळालं. 2 जानेवारी 2015 चा रेल रोको सगळ्यांना आठवतोय, दगडफेक झाली ती वाईटच आणि तिचं समर्थन मी कधीच करणार नाही, पण लोक रुळावर का उतरले होते हा प्रश्न खराच होता. त्यानंतर डिसेंबर 2016 मध्ये काही फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागल्या. तेव्हा पेढे वाटले आम्ही! पण थांबा मिळाला आणि गाडी भरलेलीच, तर थांब्याचं करायचं काय.

मग सांगितलं गेलं की ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन होऊ दे, मेल-एक्स्प्रेस वेगळ्या झाल्या की लोकल वाढतील. वर्षानुवर्षं रखडत ती फेब्रुवारी 2022 मध्ये एकदाची सुरू झाली. 36 फेऱ्या वाढवल्या, त्यातल्या 34 एसी. एसी लोकलला माझा विरोध नाही, पण ज्याचं महिन्याचं गणित साध्या पासावर बसलेलं आहे त्याच्या हाती त्यातून काय आलं ते सांगा.

आणि 9 जून 2025. मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून गेल्यासारख्या गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली, चार जीव त्याच दिवशी गेले. आता आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार म्हणतात. बसवा, जरूर बसवा. पण आज जी माणसं दाराबाहेर आहेत ती दार बंद झाल्यावर प्लॅटफॉर्मवर राहणार, त्यांच्यासाठी दुसरी गाडी लागेलच ना.

अडचणी मलाही कळतात. नवीन गाडीला टाईमटेबलात स्लॉट पाहिजे, रेक म्हणजे डब्यांचा अख्खा संच पाहिजे, उभी करायला जागा पाहिजे. माझं म्हणणं, ठाण्याहून सुटणाऱ्या दोन-तीन स्लो लोकल दिव्यापासून सोडून सुरुवात करा. ठाणेकर रागावतील हे माहीत आहे आणि त्यांचा रागही खोटा नाही, त्यांच्याकडेही माणसांचा पूर लोटलेला असतो. तरी कळवा-मुंब्रा-दिवा मिळून किती माणसं या एका टप्प्यात चढतात याची मोजणी करून ती आकडेवारी लोकांसमोर ठेवा, मग बसून बोलू.

कोकणच्या पॅसेंजरचंही सांगते. रत्नागिरी पॅसेंजर कोविडच्या आधी दादरहून सुटायची, नंतर ती दिव्यापर्यंतच आणून ठेवली. सावंतवाडीची तर दिव्याहूनच आहे. मी दिव्याची, मला खरं तर हे सोयीचं, तरीपण सांगते, ती रत्नागिरीची गाडी परत दादरला न्या. गणपतीत परळ-गिरगावची म्हातारी माणसं पिशव्या, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं घेऊन अंधारातल्या लोकलने इथे येतात, जिन्यावर धापा टाकतात, आणि जनरल डब्यात शिरायला परत तीच मारामारी. स्वतःच्या गावाला जायला एवढे हाल का करायचे त्यांनी?

प्रवासी संघटनेच्या मंडळींनो, नवीन टाईमटेबल यायच्या आधी परत एकदा निवेदन घेऊन जाऊया. लेडीज डब्यातल्या सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे द्या. यावेळी जोडीला डोंबिवली-कल्याणच्या बायकांच्यापण सह्या घेऊ, दिव्याची गाडी सुटली तर त्यांच्याही डब्यात थोडी हवा खेळेल.