गाडी दोघांची, मग किल्ली एकाच्याच हातात का?

तीन आठवड्यांत आम्ही पाच शोरूम पालथ्या घातल्या. त्यातल्या चार ठिकाणी सेल्समनने टेस्ट ड्राइव्हची किल्ली नवऱ्यापुढे धरली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, रंग कुठला बघायचा?"

आमच्या घरात गाडी मी चालवते. नवरा ऑफिसला ट्रेनने जातो, सुट्टीच्या दिवशी फार तर स्टिअरिंगला हात लावतो. मुलीची शाळा, माझं ऑफिस, सासूबाईंची फिजिओथेरपी, आठवड्याचं सामान, सगळं माझ्या फेऱ्यांमध्ये येतं. म्हणजे पुढची आठ-दहा वर्षं ज्या सीटवर मी रोज दीड-दोन तास बसणार, ती सीट चार शोरूममध्ये मला कुणी दाखवलीही नाही. मला याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पण आज सांगायचंय ते सेल्समनबद्दल कमी आणि आपल्या घरांबद्दल जास्त आहे. कारण पहिल्या टेस्ट ड्राइव्हला नवऱ्याने किल्ली घेतली आणि मी निमूटपणे मागे जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले.

घरी आल्यावर तो खुशीत होता. दोन वर्षं त्याने त्या गाडीचे रिव्ह्यू पाहिले होते. उंच, भक्कम, रस्त्यावर दबदबा असलेली गाडी. "आवडली ना?" म्हणाला. मी म्हटलं, "मी चालवली कुठे?" त्यावर तो अगदी सहज म्हणाला, "अगं, चालवायला सगळ्या सारख्याच असतात. सवय होते."

सवय होते. त्या रात्री आमचं वाजलं ते या दोन शब्दांवरून. कारण मला सवय म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे. माझी उंची पाच फूट. जुन्या गाडीत सीट वर-खाली होत नव्हती, म्हणून नऊ वर्षं मी बुडाखाली उशी घेऊन गाडी चालवली. क्लच पूर्ण दाबायचा म्हणून सीट इतकी पुढे ओढायची, की स्टिअरिंग जवळजवळ छातीला लागायचं. बेल्ट खांद्याऐवजी मानेला घासायचा, म्हणून मी तो हाताने खाली ओढत राहायचे. ही झाली माझी सवय. माझं अंग गाडीला जुळवून घेत राहिलं, आणि यात काही चुकतंय हे मला स्वतःलाही कधी जाणवलं नाही.

भांडणानंतर मी वाचायला बसले, आणि जे वाचलं त्याने झोप उडाली.

आधी एअरबॅग. ती पापणी लवायच्या आत फुगते आणि तिचा जोर प्रचंड असतो. म्हणून अमेरिकेतली रस्ते सुरक्षेची सरकारी यंत्रणा सांगते, की छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान दहा इंच, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर अंतर हवं. मी शिवणकामाची टेप घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले आणि नेहमीसारखी बसून मोजलं. सतरा भरलं. आणि ती उशी! धडक बसली की सैल उशी अंगाखालून सरकते आणि कमरेचा बेल्ट हाडांवरून पोटावर चढू शकतो. नऊ वर्षं मी स्वतःची सोय म्हणून तो धोका बुडाखाली घेऊन फिरत होते.

मग प्रश्न पडला, की गाडी बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्या बाईचा विचार केला असेल की नाही? धडकेच्या चाचणीत जे पुतळे बसवतात, त्यांतला जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेला ‘हायब्रिड थ्री’ हा पुतळा १९७६ मध्ये तयार झाला, एका सरासरी पुरुषाच्या मापाचा. वजन सुमारे ७८ किलो, उंची सुमारे १७५ सेंटिमीटर. बायकांसाठी म्हणून जो पुतळा पुढे आला तो दीड मीटर उंचीचा, सुमारे ४९ किलोचा. तोही बराचसा पुरुषाचाच सांगाडा लहान करून घडवलेला. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपातल्या संस्थेने तो थेट चालकाच्या जागी बसवून पूर्ण रुंदीची समोरची धडक घ्यायला सुरुवात केली २०१५ मध्ये.  सरासरी स्त्रीच्या शरीराचा, म्हणजे तिचे खांदे, तिची कंबर, तिची मान धरून घडवलेला पुतळा ॲस्ट्रिड लिंडर या स्वीडिश संशोधक बाईंच्या गटाने केला, आणि तो लोकांसमोर आला २०२२ मध्ये. खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ चा. मधली ६३ वर्षं आपण कुणाच्या मापाच्या सीटवर बसत होतो?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात असं दिसलं, की बेल्ट लावलेला असूनही समोरासमोरच्या धडकेत गंभीर इजेची शक्यता बायकांमध्ये पुरुषांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त होती. नव्या गाड्यांमध्ये एकूण धोका घटल्याचंही त्याच अभ्यासात आहे, त्यामुळे घाबरून जावं असं मी म्हणत नाही. पण हे वाचल्यावर "सवय होते" हे वाक्य मला कुणाच्याही तोंडून ऐकून घेता येणार नाही, नवऱ्याच्या तर नाहीच.

तर दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच्या आवडत्या गाडीकडे गेलो. या वेळी किल्ली मी मागितली. सेल्समन नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा म्हणाला, "त्याच चालवणार आहेत." ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी उंच, बॉनेट लांब आणि वर उचललेलं. सीट शेवटपर्यंत वर घेतली. पहिल्याच वळणावर काचेच्या बाजूच्या जाड खांबाआड एक सायकलवाला पूर्ण नाहीसा झाला. क्षणभरच, मग दिसला. मी वेग कमीच ठेवला होता, काही झालं नाही. पण परत येईपर्यंत माझे तळवे ओले होते.

शोरूमच्या आवारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, आणि आमच्या सहा वर्षांच्या मुलीला म्हटलं, "जा, गाडीच्या समोर जाऊन उभी राहा." ती पळत गेली. आणि मला दिसेना. मान उंचावली, तरी दिसेना. समोर फक्त चकचकीत बॉनेट. मी काच खाली करून ओरडले, "हात वर कर!" तेव्हा बॉनेटच्या कडेवर चार बोटं दिसली.

मी उतरले आणि नवऱ्याला त्या सीटवर बसायला सांगितलं. तो सहा फुटी. त्याला तिचे केस दिसले, कपाळ नाही. मग त्याला म्हटलं, "आता माझ्याइतका खाली हो." तो खांदे पाडून, मान आत घेऊन बसला. बराच वेळ बसला. मग उतरला, मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि सेल्समनला म्हणाला, "ही नको."

दोन वर्षं मनात धरलेली गाडी त्याने तिथल्या तिथे सोडली. पुढेही समोरचे सेन्सर, कॅमेरे असलेलं महागडं व्हेरिएंट घेऊ या असा हट्ट केला नाही. कॅमेरा उपयोगीच असतो, मी त्याच्या विरोधात नाही. पण समोर उभं असलेलं मूल बघायला आधी स्क्रीनकडे बघावं लागेल अशी गाडी मला चालवायची नव्हती, आणि हे त्याला न सांगता कळलं.

इथे त्याची बाजूही सांगायला हवी. मला एक लहान गाडी फार आवडली होती. सीट वर-खाली होणारी, स्टिअरिंग वर-खालीही आणि पुढे-मागेही होणारं. पाय पेडलपर्यंत पोचत असूनही छाती मागे ठेवता येत होती. टेप लावली, सव्वीस भरलं! मी बुकिंगच करायला निघाले होते. तो चालकाच्या सीटवर बसला, तर हेडरेस्ट पूर्ण वर ओढूनही त्याच्या मानेपाशीच थांबत होतं. मागून धडक बसली तर डोकं मागे फेकलं जातं, त्याला अडवायला ते डोक्याच्या मागे हवं, निदान कानांच्या वरपर्यंत. गुडघेही डॅशबोर्डला टेकत होते. "मी आठवड्यातून एकदाच तर चालवतो, चालेल," म्हणाला. मी म्हटलं, नाही चालणार. माझ्या बाबतीत जे नऊ वर्षं चाललं, ते आता त्याच्या बाबतीत मी चालू देणार नव्हते.

मग आम्ही एक नियम ठरवला. दोघांनाही नकाराचा पूर्ण हक्क, आणि नकाराचं कारण पटवून द्यायची सक्ती नाही. "मला यात नीट वाटत नाही" एवढं पुरे. ऐकायला हे सोपं वाटतं, पण संसारात आपण एकमेकांकडून कारणांचा किती पुरावा मागतो याचा विचार केलाय का कधी? कारण नीट मांडता आलं नाही म्हणजे ते नाहीच, असं धरून चालतो. या नियमामुळे आमच्या तीन गाड्या बाद झाल्या आणि एकदाही भांडण झालं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. शोरूममध्ये बोलणं महिन्याच्या हप्त्यावर आणतात, कारण मुदत वाढवली की हप्ता लहान दिसतो. तुम्ही विचारा, शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती जाणार? कागदावर लिहून घ्या. आणि कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील, तर वाचतानाही दोघं बसा. आमच्याकडे आकडेमोड त्याने केली आणि विम्याच्या अटी मी वाचल्या, मग अदलाबदल करून पुन्हा तपासल्या.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून बघितली ती म्हणजे बटणं. हल्ली सगळं टचस्क्रीनमध्ये कोंबतात. चालत्या गाडीत काचेवरचं धुकं घालवायला तीन मेनू उघडायचे म्हणजे तेवढा वेळ नजर रस्त्यावरून गेली. युरो एनकॅपनेही २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांना हाताला लागणारी खरी बटणं किंवा दांडे मागितले आहेत. टेस्ट ड्राइव्हला डोळे रस्त्यावर ठेवून यातलं काय काय हाताला सापडतं ते दोघांनीही बघा. माझे आणि नवऱ्याचे हात वेगळ्या लांबीचे आहेत, त्यामुळे उत्तरंही वेगळी आली.

वाचता वाचता एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली. कार्ल बेंझने मोटारीचं पेटंट १८८६ मध्ये घेतलं, पण ती गाडी लांब पल्ल्याला चालते हे दाखवलं त्याच्या बायकोने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. इंधनाची नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यावर चामडं बसवून घेतलं. गाडीत काय कमी आहे हे तिने चालवून शोधलं आणि परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं. गाडीचा पहिला लांबचा टेस्ट ड्राइव्ह एका बायकोने केलेला आहे, आणि आज मला रंग विचारतात.

पाचव्या शोरूममध्ये एक तरुण मुलगा होता, नोकरीला लागून फार दिवस झाले नसावेत. त्याने आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "गाडी जास्त कोण चालवणार?" दोघांना वेगवेगळी चालवू दिली, प्रत्येकी अर्धा तास, वळणाच्या आणि चढाच्या रस्त्यावर. मी चालवताना नवरा मागे, मुलीच्या सीटशेजारी बसला आणि तिची सीट आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलांची सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या, कड्यांना नीट अडकते का ते त्याने स्वतः बसवून बघितलं. खांद्याचा बेल्ट खाली सरकवता येत होता, पहिल्यांदाच तो माझ्या मानेला लागला नाही. सासूबाईंना दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो, त्या कुणाचा हात न धरता बसल्या आणि उतरल्या. गाडी दिसायला साधी आहे. सनरूफ नाही. नवऱ्याच्या मित्रांनी "हीच का घेतली?" असं विचारलं, तेव्हा त्याने त्यांना बॉनेटवरच्या चार बोटांची गोष्ट सांगितली.

आता आठवडाभर सीट माझ्या मापावर असते. रविवारी तो मागे घेतो, आणि रात्री गाडी लावून उतरताना पुन्हा माझ्या मापावर आणून ठेवतो. सोमवारी मला काही हलवावं लागत नाही.

या रविवारी तुमच्यापैकी कुणी जोडीने गाडी बघायला जाणार असेल, तर पर्समध्ये टेप टाका. दोघांपैकी जो बुटका आहे त्याने आधी बसायचं, पाय पूर्ण पेडलवर दाबून. छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत. आणि मूल सोबत असेल तर इंजिन बंद करून त्याला एकदा बॉनेटसमोर उभं करा. किती भरलं आणि काय दिसलं, ते मला नक्की कळवा.