तात्यांचे ठिपके
परवा एका लेखात वाचलं, कंपनीत नावीन्य हवं तर त्यासाठी वेगळा विभाग काढा. आमच्या अंधेरीच्या कारखान्यात काढला होता की! काचेची केबिन, एसी, रंगीत खुर्च्या. खरी सुधारणा केली स्टोअरमधल्या तात्यांनी. सारख्या दिसणाऱ्या वायसरांच्या डब्यांवर काकूंच्या जुन्या नेलपॉलिशचे ठिपके लावले. चुकीचा माल जाणं थांबलं. ऑडिटवाल्याने ‘पद्धतीत बसत नाही’ म्हणून ते पुसायला लावले. वर्षभराने सल्लागार आले आणि तेच ठिपके स्टिकर होऊन परतले. तात्या तोवर रिटायर.

चांगल्या कल्पनेला वेळ अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीतही लागला. तिथल्या स्पेन्सर सिल्व्हर या शास्त्रज्ञाचा कमी चिकटणारा गोंद १९६८चा. प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणेसाठी तो वापरावा हे सहकारी आर्ट फ्राय यांना सुचलं १९७४मध्ये, आणि पोस्ट-इट, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्या, अमेरिकाभर विकायला १९८० उजाडलं. पण निदान तिथे गोंद कुणी पुसून टाकला नाही.