उजेडाचा रंग आणि झोप : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

महोदय,

झोपण्याच्या खोलीत २७०० केल्विनचाच बल्ब का असावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप : आकडा कमी तर उजेड पिवळसर, जास्त तर निळसर पांढरा.) ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा आशय आधी देतो. आपण म्हणता, "दिव्याच्या रंगाचा झोपेशी काहीही संबंध नाही, संबंध आहे तो फक्त उजेडाच्या प्रमाणाशी, आणि बाझेलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे सिद्ध केले आहे." (बाझेल म्हणजे स्वित्झर्लंडमधले शहर.) पुढे आपण लिहिता की पिवळा बल्ब वीज वाया घालवतो, खरा दोष मोबाइलचा आहे, आपण स्वतः ६५०० केल्विनच्या दिव्याखाली वाचता वाचता झोपी जाता, आणि माझ्यासारखे "घरबसले तज्ज्ञ" भोळ्या वाचकांना घाबरवून त्यांचे चांगले चालणारे दिवे काढायला लावतात, सबब लेख मागे घ्यावा.

मतभेदाचे मला वावडे नाही. चुकीचा आकडा कोणी दाखवून दिला तर मी आभारच मानतो. पण आपल्या प्रतिक्रियेत माझा एकही आकडा खोडलेला नाही. खोडले आहे ते मला आणि माझ्याबरोबर वाचकांनाही. मला काय म्हणायचे ते आपण खुशाल म्हणा. ज्यांनी त्या लेखाखाली प्रश्न विचारले, त्यांत रात्री तान्ह्या मुलाला घेण्यासाठी उठणाऱ्या आया आहेत, पाळीवर काम करणारे आहेत, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा न लागणारे वयस्कर लोक आहेत. आपल्या घरातला दिवा कोणता असावा, हे विचारणाऱ्या माणसाला भोळा ठरवण्यासारखे त्यात काय होते, हे मला खरोखर समजलेले नाही. आणि दुसऱ्याच्या निद्रानाशाबद्दल इतक्या तुच्छतेने लिहिणाऱ्याने विज्ञानाचे नाव घ्यावे, याचे मला वाईट वाटले.

आता आपल्या मुख्य वाक्याकडे वळतो, कारण प्रतिक्रियेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. "फक्त उजेडाचे प्रमाण" असे आपण म्हणता, पण ते प्रमाण कशाने मोजलेले, हे सांगत नाही. घरातला उजेड आपण लक्समध्ये मोजतो, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो याच्या मापात. लक्सचे माप ज्या वक्रावर आधारलेले आहे, तो आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९२४ मध्ये स्वीकारला. दिवसाच्या उजेडात आपल्या डोळ्यांना कोणता रंग किती उजळ दिसतो, याचा तो वक्र आहे. त्याचा माथा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला (उजेडाचा रंग या लांबीवरून ठरतो), म्हणजे हिरवट पिवळ्या रंगात येतो, आणि निळ्या रंगाला त्यात फारच थोडे वजन मिळते. पाहण्यासाठी हे माप योग्यच आहे, पण शरीराच्या घड्याळाला, म्हणजे झोपेची आणि जागे होण्याची वेळ ठरवणाऱ्या यंत्रणेला, किती उजेड पोचला हे त्याने मोजायचे, म्हणजे कापडाच्या गजाने दूध मोजण्यासारखे आहे.

घड्याळाला वेळ कळवणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत. मेलॅनॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य प्रथम १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत सापडले, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दृष्टिपटलावर असे दाखवले की काही गॅन्ग्लियन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या, यांत मेलॅनॉप्सिन असते) पाहण्याचे काम करणाऱ्या शंकू आणि दंडपेशींच्या मदतीशिवाय स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात. पूर्ण अंध असलेल्या काही माणसांमध्येही डोळ्यांवर प्रखर उजेड पडल्यावर मेलॅटोनिन (शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक) घटते, हे १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्याचा उलगडा या पेशींमुळे झाला. त्यांची संवेदनशीलता सर्वाधिक असते ती ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या पट्ट्यात. २००१ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी माणसांवर प्रयोग करून कोणत्या तरंगलांबीने मेलॅटोनिन अधिक दबते ते तपासले, तेव्हा दोघांचीही बोटे निळ्याकडेच वळली. म्हणून त्याच प्रकाश आयोगाला २०१८ मध्ये या पेशींसाठी वेगळे माप ठरवावे लागले. एकाच लक्सचे दोन दिवे घेतले, एक २७०० केल्विनचा एलईडी आणि दुसरा ६५००चा, तर या नव्या मापाने दुसऱ्याचा जोर साधारण दुप्पट भरतो. प्रमाण तेच आणि जोर मात्र दुप्पट, याला रंगाचा फरक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. एखादी जुनी सीडी घ्या, खोली अंधारी करा आणि तिच्या चकचकीत बाजूवर दिव्याचे प्रतिबिंब तिरके पाडून पाहा. ६५००च्या एलईडीत निळा पट्टा ठसठशीत, जवळजवळ वेगळा कापून ठेवल्यासारखा दिसतो, त्याच्यापुढे एक अंधूक खाच येते आणि मग हिरवा, पिवळा, तांबडा पसरतो. पांढरा एलईडी बनतोच निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या पदार्थाचा, थर देऊन. तो निळा पट्टा म्हणजे थरातून तसाच बाहेर पडलेला चिपचा मूळ उजेड. २७००च्या बल्बमध्ये हाच पट्टा बारीक आणि फिका पडतो, कारण फॉस्फर बराचसा निळा उजेड शोषून तांबड्या बाजूला वळवतो. चिपचा पट्टा ४५० नॅनोमीटरच्या आसपास असतो, ४८०ला नव्हे, असा मुद्दा आपण कदाचित काढाल. मेलॅनॉप्सिनचा वक्र चांगलाच रुंद आहे आणि ४५०लाही तो बराच उंच असतो.

आपला बाझेलचा दाखला तर आपल्याच विरुद्ध जातो. २०२३चा तो अभ्यास १६ जणांवर झाला आणि तो मी वाचलेला आहे. त्यात निळसर आणि पिवळसर उजेड मुद्दाम असे जुळवले होते की मेलॅनॉप्सिनच्या पेशींना दोन्हींतून सारखीच चेतना मिळावी आणि फरक राहावा तो केवळ शंकूपेशींना दिसणाऱ्या रंगाचा. त्या परिस्थितीत घड्याळावर वेगळा परिणाम आढळला नाही. म्हणजे डोळ्यांना दिसणारी निळी छटा नव्हे, तर त्या पेशींपर्यंत पोचणारा उजेड महत्त्वाचा, एवढाच त्याचा निष्कर्ष निघतो. घरच्या दिव्यांत अशी जुळवाजुळव कोणी केलेली नसते. तिथे ६५०० म्हणजे अधिक चेतना, हे दिव्याच्या घडणीतच आहे. त्याच बाझेलमध्ये २०११ साली १६ तरुणांना संध्याकाळी दोन तास केवळ ४० लक्स उजेडात बसवले होते. ६५०० केल्विनच्या दिव्याखाली त्यांचे मेलॅटोनिन २५०० आणि ३००० केल्विनच्या दिव्यांपेक्षा अधिक दबले आणि ते अधिक जागे राहिले. लक्स तिन्हींकडे सारखेच होते. एक अभ्यास नावानिशी पुढे करायचा आणि त्याच गावचा दुसरा नजरेआड करायचा, हे आपल्याला शोभते का, याचा विचार आपणच करा.

"घरबसले तज्ज्ञ" या शब्दांबद्दलही थोडे लिहितो. मी बरीच वर्षे एका दैनिकात रात्रपाळीला मुद्रितशोधन केले. डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटची रांग असे, पाने छपाईला गेली की घरी येऊन मी पडून राहत असे आणि थकून गेलेल्या शरीरालाही झोप येत नसे. त्या दिवसांत मी डोळ्यांवर येणाऱ्या उजेडाचा विचार करायला लागलो, एखादा लेख वाचून नव्हे. पुढे आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या संध्याकाळी ती भिंतीकडे बघत म्हणाली, "रंग दिला का रे? निळसर वाटतोय." भिंत होती तशीच होती. वयानुसार पिवळे पडलेले डोळ्यातले भिंग निळा उजेड अडवत असते. ते काढून स्वच्छ भिंग बसवले की तोच दिवा आत अधिक निळा पोचतो. त्यानंतर तिच्या खोलीतला पांढरा दिवा तिला रात्री सोसवेना, आणि तो मी बदलला. हे माझ्या घरात घडलेले आहे, आणि अशा घरांत राहणाऱ्यांसाठी मी लिहितो.

आपल्याला ६५००च्या दिव्याखाली झोप लागते, हे मी खरे मानतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने २०१९ मध्ये दाखवले की संध्याकाळच्या उजेडाबाबतची संवेदनशीलता माणसामाणसांत पन्नासपटीहून अधिक बदलते, आणि सरासरी माणसाचे मेलॅटोनिन सुमारे २५ लक्सलाच निम्मे दबते. आपण त्या रांगेच्या सुदैवी टोकाला असाल. त्यावरून दुसऱ्या टोकाच्या माणसाला भोळा म्हणता येत नाही.

विजेच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य करतो : तितक्याच वॅटचा २७००चा एलईडी ६५००पेक्षा थोडे कमी लुमेन (दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप) देतो. फरक किरकोळ आहे, आणि झोपण्याच्या खोलीत कमी लुमेनच हवे असल्यामुळे त्याने काही बिघडत नाही. मोबाइलचा विषय वेगळा आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

प्रमाणाचे महत्त्व मी नाकारलेले नाही. मूळ लेखात शेड आणि डिमरवर दोन परिच्छेद आहेत, ते आपण वाचले असावेत असे वाटत नाही. पण रंग आणि प्रमाण यांना एकमेकांविरुद्ध उभे करणेच मुळात गैर आहे. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सुचवले की झोपेआधीचे किमान तीन तास डोळ्यांपाशी पोचणारा उजेड त्या नव्या मापाने १० लक्सच्या आत असावा. ही मर्यादा पाळायची तर ६५००च्या दिव्याखाली नेहमीच्या मापाने जेमतेम ११ लक्स वापरता येतात, आणि २७००च्या दिव्याखाली वीसच्या पुढे जाता येते. अंधारात धडपडत वावरणे आणि अंथरुणावर पुस्तकाचे पान वाचता येणे, यांत एवढ्यानेही बराच फरक पडतो. उजेडाच्या प्रमाणाची खरी काळजी असणाऱ्याने तर पिवळ्या बल्बचा आग्रह माझ्याहूनही जोरात धरायला हवा.

लेख मी मागे घेणार नाही. त्यातली शिफारस आहे तशीच राहील : दिवसा काम करण्याच्या जागी ४००० किंवा ६५०० केल्विन, जितका भरपूर उजेड तितका चांगला, संध्याकाळनंतर झोपण्याच्या खोलीत २७०० किंवा त्याहून कमी, कमी लुमेनचा, शेडमध्ये आणि पडल्यावर थेट डोळ्यांत येणार नाही अशा जागी लावलेला. यातल्या एखाद्या आकड्यावर आपला आक्षेप असेल तर तो आकडा लिहून कळवावा, मी त्याला उत्तर देईन. वाचकांना उद्देशून लिहिलेली विशेषणे मात्र यापुढे इथे छापली जाणार नाहीत.