स्टार्टसाठी तीन कोटेशन्स

सोसायटीच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला आणि खजिनदारकाकांनी मला जिन्यातच गाठलं. शेजारी टाकी साफ करणारा माणूस पैशांसाठी ताटकळत उभा होता. त्याला म्हणाले, "तू थांब जरा. आधी यांचं उरकतो, हे फुकटात आहेत."

अजून डोक्यात आहे ते वाक्य.

जुना कॉम्प्युटर तसा धडधाकट होता. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. दोन्ही नव्हतं, म्हणून तो भंगारात गेला. काकांची तक्रार मात्र त्याबद्दल नव्हतीच. त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली. पहिल्या पानावर जावयाच्या अक्षरात लिहिलं होतं: १) मशीन चालू करणे. २) खाली डाव्या कोपऱ्यात टिचकी. ३) वर सरकत 'मेंटेनन्स' शोधणे.

"आता बघ, दोन नंबरला काय होतं ते." त्यांनी माउस डाव्या कोपऱ्यात नेला. टिचकी मारायच्या आतच अर्धा पडदा व्यापणारी पाटी सरकत आली. वर तापमान, खाली शेअर बाजार, त्याच्या खाली विमानतळावर गॉगल लावलेली कुणी नटी.

"कालपासून पावती काढायला बसतो आणि ही बाई येते."

"काका, ते विजेट आहे. त्यावर माउस नुसता नेला तरी उघडतं. स्टार्ट आता मध्ये असतो."

"मध्ये? कोणाला विचारून?"

मी म्हटलं, कंपनीने ठरवलं.

"अरे, आम्ही जनरल बॉडीत ठराव केल्याशिवाय पार्किंगमधली कुंडी हलवत नाही! आणि हे तुझे लोक..." विंडोज वापरतो एवढ्या पापावर ते माझे लोक झाले. "बरं, मध्ये तर मध्ये. पण एक खिडकी उघडली की ते डावीकडे सरकतं, बंद केली की उजवीकडे. जागेवर बसायला काय घेतं ते बटण?"

या मुद्द्यावर काकांशी मी शंभर टक्के सहमत आहे. कोपऱ्यातलं बटण न बघता सापडतं. माउस ढकलून द्यायचा, कडेला अडकला की दाबायचं. मधल्या रांगेतलं बटण दर वेळी नजरेने हुडकावं लागतं. कोपरा सोडण्यात कुणाचं भलं झालं, हे मला आजवर कळलेलं नाही.

इलाज सोपा आहे. विंडोजची कळ आणि 'आय' एकदम दाबायचं, पर्सनलायझेशन, मग टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची बटणांची पट्टी. तिथे विजेट्सची खिटी बंद. मग खाली टास्कबार बिहेवियर्स उघडून अलाइनमेंट 'सेंटर'चं 'लेफ्ट'. स्टार्ट कोपऱ्यात आला, नटी गेली.

"एवढंच होतं होय?" काका म्हणाले.

एवढंच होतं! मग कालपासून का नाही केलंत?

पण वहीतला तीन नंबर अडलाच. बटण जागेवर आलं तरी त्यातून उघडणारा मेन्यू जुना नव्हता. आणि इथे मिशिगनमधल्या प्लिमथ गावच्या स्टारडॉकची गोष्ट येते. डेस्कटॉप नटवायची सॉफ्टवेअरं विकणारी ही कंपनी. ब्रॅड वॉर्डेल तिचे संस्थापक. १९९५ मध्ये यांनी ऑब्जेक्ट डेस्कटॉप काढलं ते आयबीएमच्या ओएस/२ साठी, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी. ते जहाज बुडाल्यावर विंडोजवर उडी मारली आणि खिडक्यांच्या चौकटी रंगवणारं विंडोब्लाइंड्स आणलं. पण खरं घबाड २०१२ मध्ये हाती लागलं. विंडोज ८ मधून मायक्रोसॉफ्टने स्टार्टचं बटण काढूनच टाकलं. स्टारडॉकने ४.९९ डॉलरला स्टार्ट८ विकायला काढलं, म्हणजे तेव्हाचे साधारण पावणेतीनशे रुपये. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परत आलं, मेन्यू नाही आला. मग २०१५ मध्ये विंडोज १०, तर यांचं स्टार्ट१०. २०२१ मध्ये विंडोज ११, तर यांचं स्टार्ट११. या कंपनीची बातमी दर खेपेला एकच असते: तुमचं जे काढून घेतलं ते आमच्याकडे मिळेल. सॉफ्टवेअर झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. विंडोज ७ छापाचा मेन्यू लावा, टास्कबार पडद्याच्या वरच्या कडेला न्या, सगळं होतं. पण आपलीच वस्तू पैसे मोजून घरी आणायची, याचा आनंद किती मानायचा?

काकांना हे सांगितलं तर ते वॉलपेपरकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि बाप्पाचं काय?"

वॉलपेपरवर गणपती होता. जुन्या पडद्यावर काकांनी आयकॉन असे मांडले होते की वसुली, पावत्या आणि ऑडिट हे सगळं बाप्पाच्या पायाशी. नवा पडदा १९२० बाय १०८०, जुना १३६६ बाय ७६८. रेझोल्यूशन बदललं की विंडोज आयकॉन आपल्या जाळीत पुन्हा मांडतं, त्यात त्यांच्या जागा हलतात. आता 'थकबाकी २०२४' बरोबर सोंडेवर बसली होती.

"हे बरं दिसतं का?"

नाही दिसत. यावरही स्टारडॉककडे औषध आहे, २००९ पासूनचं फेन्सेस. डेस्कटॉपवर माउसने चौकट आखायची, तिला नाव द्यायचं, आयकॉन आत टाकायचे. रिकाम्या जागी दोनदा टिचकी मारली की सगळे आयकॉन गायब, नुसता बाप्पा. पुन्हा दोनदा मारली की हजर. मांडणीचा स्नॅपशॉट ठेवता येतो, म्हणजे कुणी प्रोजेक्टर लावून घोळ घातला तरी जुनी मांडणी परत आणता येते. मला विचाराल तर या कंपनीचं डोळे झाकून घ्यावं असं हे एकच.

मेन्यू बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रकार मात्र जरा नाजूक असतो. टास्कबार पडद्यावर दाखवतो तो एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम. ही मंडळी त्याच्या पोटात शिरून बदल करतात. विंडोजच्या मोठ्या अपडेटने आतली रचना हलवली की टास्कबार लुकलुकायला लागतो, नाहीतर दिसेनासाच होतो. तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाइप करायचं. टास्कबार आला की आधी त्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती घ्यायची, नाहीच जमलं तर ते काढायचं. हे मी काकांना वहीत लिहून घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, "तू आहेस ना."

मग पैशांचा विषय निघाला.

"किती?"

"काही डॉलर."

"डॉलर?" चष्मा कपाळावर गेला. "पाचशेच्या वरची खरेदी असली तर तीन कोटेशन्स लागतात. आणि डॉलरमधली असेल तर पाचशेच्या खाली असली तरी लागतात."

हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला याबद्दल माझी खात्री आहे. तरी तीन नावं दिली: स्टार्ट११, स्टार्टऑलबॅक आणि ओपन-शेल. तिसरं फुकट आहे, हेही सांगितलं. क्लासिक शेल नावाचं तसंच जुनं सॉफ्टवेअर बंद पडल्यावर त्याचा उघडा कोड घेऊन लोकांनी ते पुढे चालू ठेवलंय.

"फुकट का देतात?" काकांचा आवाज एकदम पोलिसी झाला. "फुकट काम करणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटी मिशिगनवाल्यांचं नक्की झालं, पण सोसायटीच्या नावाने रीतसर बिल हवं, त्यावर शिक्का हवा आणि जीएसटी नंबर हवा. तशी विचारणा करणारं इंग्रजी पत्र मी रविवारपर्यंत लिहून द्यायचं, हे काकांनी टाकीवाल्याला सांगितलं. मला नाही.