थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड होत नाही

स्पोर्ट बाइक चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सतत फिरत असतो: 'गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, कारण कंपनीची कूलिंग सिस्टिमच कमजोर आहे. थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, जास्त दाबाचं झाकण लावा, फॅनला बॅटरीवरून थेट स्विच द्या, फेअरिंग उतरवा. घरच्या घरी तासाभराचं काम, इंजिन एकदम थंड.' कूलंट म्हणजे पाण्यात ग्लायकॉल नावाचं रसायन मिसळलेला द्रव. तो इंजिनातली उष्णता समोरच्या जाळीपर्यंत, म्हणजे रेडिएटरपर्यंत नेतो, आणि तिथे हवा त्याला थंड करते. झाकण म्हणजे या रेडिएटरचं झाकण, आणि फेअरिंग म्हणजे गाडीच्या अंगावरचं प्लास्टिकचं आवरण. सल्ल्यातली एक गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या गोष्टी करून बसलेल्या गाड्या मी उघडून पाहिल्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी 'तापते' म्हणजे काय ते पाहू. लिक्विड कूल्ड स्पोर्ट बाइक मोकळ्या रस्त्यावर साधारण ८० ते ९० अंशांवर चालते. सिग्नलला उभी राहिली की आकडा चढतो, बहुतेक गाड्यांत १०० ते १०५च्या आसपास फॅन सुरू होतो, आकडा थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. गाडी अशीच बनवलेली असते. 'पाणी तर शंभरला उकळतं' ही भीती इथे लागू नाही, कारण झाकणाने दाब धरलेला असतो. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असलेलं कूलंट १.१ बार दाबाखाली साधारण १२८ अंशांना उकळतं. म्हणजे १०३ दिसले म्हणून गाडी आजारी नसते. इशाऱ्याचा दिवा लागत असेल किंवा फॅन फिरूनही आकडा चढतच राहत असेल, तर मात्र कारण शोधायलाच हवं.

आता थर्मोस्टॅट. सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी-बंद करणारी झडप. तिच्या आत मेण भरलेली लहानशी डबी असते. कूलंट ठरावीक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. वीज नाही, सेन्सर नाही. गाडी १०० अंशांवर असताना ही झडप आधीच पूर्ण उघडलेली असते. त्या क्षणी ती तिथे असली काय आणि नसली काय, ट्रॅफिकमधल्या तापमानात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो थंड इंजिनात. गरम व्हायला वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं, त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत झडप उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारी वाट बंदही करते. अशा इंजिनातला थर्मोस्टॅट काढला, तर कूलंटचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते.

मग 'मी काढला आणि फरक पडला' म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांचा थर्मोस्टॅट बहुधा बंद अवस्थेत अडकलेला होता. खराब भाग काढल्याचा तो फायदा होता, आणि नवा भाग बसवला असता तर तोच फायदा मिळाला असता. तपासणीही घरी होते. स्वयंपाकाला पुन्हा न लागणाऱ्या भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लटकवा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला झडप सरकू लागली तर तो ठीक आहे. उकळत्या पाण्यातही हलली नाही तर बदला.

साध्या पाण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. त्याच वजनाच्या कूलंटपेक्षा पाणी साधारण पाचव्या हिश्शाने जास्त उष्णता उचलतं, हे भौतिकशास्त्र आहे. रेसिंगच्या गाड्यांत पाणी असतं हेही खरं, पण त्यामागचं मुख्य कारण वेगळं आहे: ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारे घसरून पडतात, म्हणून अनेक ट्रॅकवर त्याला बंदी असते. रेसवाले पाण्यात गंजरोधक घालतात आणि ते वारंवार बदलतात. रस्त्यावरच्या गाडीत नळाचं पाणी वर्षभर राहिलं तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात आणि वॉटर पंपाचं सील लवकर जातं. एका गाडीच्या पंपाचं झाकण मी उघडलं तेव्हा आतल्या पात्यांवर पांढरा कडक थर होता, नखाने खरवडून निघेना. तो थर उष्णता अडवतो. थंडाव्यासाठी भरलेल्या पाण्यानेच ती गाडी तापत होती. अ‍ॅल्युमिनियम इंजिनासाठीचं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा आणि मॅन्युअलमधल्या मुदतीला बदला. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात.

जास्त दाबाच्या झाकणाने इंजिन एका अंशानेही थंड होत नाही. फक्त उकळबिंदू वर जातो आणि जुन्या होजवर (रबरी नळ्यांवर) ताण येतो. मूळच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तसंच नवं लावा. गरम गाडीचं झाकण मात्र कधीही उघडू नका. दाब सुटताच आतलं पाणी वाफ होऊन तोंडावर येतं.

फॅनच्या स्विचला माझा सरसकट विरोध नाही. विरोध आहे तो रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि फ्यूजशिवाय हँडलवरच्या चिमुकल्या स्विचमधून थेट करंट नेण्याला. वायर वितळते, आणि ती असते पेट्रोलच्या टाकीखाली. शिवाय वेगात जाताना फॅनचा काही उपयोग नसतो, आणि स्विच चालू राहिला तर बॅटरी बसते. फॅन आपोआप लागत नसेल तर फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमाने दोष शोधा.

फेअरिंगबद्दल वेगळाच गैरसमज आहे. समोरची हवा रेडिएटरमधून जावी आणि गरम हवा बाजूने निघावी, हेही फेअरिंगचं काम असतं. हवा सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या कडेला फट दिसली की ती जाळीतून न जाता तिथून निसटते. त्या फटींवरच्या रबराच्या आणि फोमच्या पट्ट्या सर्व्हिसिंगमध्ये हरवतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्या परत लावा.

या सगळ्या सल्ल्यात मला खटकतं ते हेच. ट्रॅफिकमध्ये कमी पडते ती हवा, आणि सल्ल्यातले पहिले तिन्ही उपाय पाण्याचे. एका रविवारी फेअरिंग उतरवून रेडिएटरच्या मागून टॉर्च धरा. उजेड किती ठिकाणी अडतो ते बघा: किडे, चिखल, चेनच्या ग्रीसवर चिकटलेली धूळ. मागच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, त्याने फिन (जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) आडव्या पडतात. वाकलेल्या फिन बोथट पातळ पट्टीने एकेक करून सरळ करा. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

कूलंट नवं भरलं असेल तर आतली हवा काढल्याशिवाय थांबू नका. थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी काही मिनिटं आयडलवर चालवा, होज दाबत राहा, बंद करून गाडी दोन्ही बाजूंना कलवा, पातळी उतरली की भरा. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी अडकला तर गेजवरचा आकडा वेड्यासारखा उड्या मारतो.

एवढं करूनही पातळी घटत राहिली तर पंपाच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकाकडे पाहा. तिथून थेंब येत असतील तर सील गेलं आहे. कूलंटच्या रिझर्व्ह टाकीत सतत बुडबुडे येत असतील आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्याची दाट शक्यता आहे. मग गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून वर्कशॉपला पाठवा.