म्हणे, कॅप्टनला टोकायचं नसतं!

भाचा नुकताच टीम लीडर झालाय. सगळीकडे फिरणारा एक मेसेज त्याच्यापर्यंत पोहोचला आणि त्याने तो चक्क मनावर घेतलाय: "कॉकपिटमध्ये चर्चा नसते. कॅप्टन बोलतो, बाकीचे ऐकतात. तो आतल्या आवाजावर निर्णय घेतो, घाबरत नाही. मॅनेजरनेही असंच वागावं."

चर्चा नसते? ती पद्धत वापरून झाली आहे. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या बोईंग ७४७ विमानाचा कॅप्टन इतरांना शिकवणारा, कंपनीतला बडा माणूस. टेकऑफची परवानगी नसताना त्याने विमान पळवायला सुरुवात केली. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, पॅन अ‍ॅम कंपनीचं विमान धावपट्टीवरून हटलेलं नाही का? कॅप्टनने ठासून सांगितलं, हटलंय. पुन्हा कोणी टोकलं नाही. दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की इंधन संपून इंजिनं बंद पडली. सहकाऱ्यांना इंधनाचा अंदाज होता, पण कोणी जोर लावून बोललं नाही.

१९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ मध्ये युनायटेडने क्रू प्रशिक्षण सुरू केलं. गंमत म्हणजे ते बेतलं होतं ब्लेक आणि माउटन या व्यवस्थापन-तज्ज्ञांच्या, मॅनेजरांसाठीच्या प्रशिक्षणावर! म्हणजे उसनवारी उलट्या दिशेने झालेली आहे.

आज उतरताना साधारण हजार फुटांवर वेग, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलणाऱ्या पट्ट्या), खाली येण्याचा दर जागेवर नसेल तर दुसरा पायलट मोठ्याने सांगतो. बऱ्याच कंपन्यांत 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं दोघांपैकी कोणीही म्हणू शकतो. म्हटलं की वर जायचं, वाद जमिनीवर. दोनदा टोकूनही उत्तर आलं नाही, तर को-पायलट नियंत्रण हातात घेतो.

अंतिम अधिकार कॅप्टनचा, हे मात्र खरं. टेकऑफच्या वेगात व्ही-वनच्या (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवत नाहीत, त्याच्या) आधी इंजिन बिघडलं तर मतं विचारत बसत नाहीत. पण तो खेळ काही सेकंदांचा, आणि तेव्हा कोणी काय करायचं हे ब्रीफिंगमध्ये आधीच ठरलेलं असतं. मॅनेजरच्या आठवड्यात असे सेकंद येतात कुठे?

आतला आवाज वगैरे सोडा. बिघाड झाला की तोंडपाठ असलेल्या मोजक्या कृती करायच्या, मग चेकलिस्ट उघडून ओळ न ओळ वाचायची. आणि न घाबरणं सरावाने येतं: सहसा दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बिघाड घडवून तपासणी होते, नापास झाला तर कॅप्टनही उडत नाही.